छाटला तरी न भागणारा आकडा

आनंदीवयनीशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. रक्त आपलंच येणार. शाळेतून निवृत्त झाली आणि आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत, देवळाच्या सभामंडपात, तिने गणिताचा फुकट वर्ग काढला. आधी मंडप भरायचा. मग एकेक पोर मालवणच्या क्लासला जाऊ लागलं, आणि उरली जेमतेम चार-पाच. देवळाचा अध्यक्ष बाबू, नात्याने तिचा दीर. त्याला ती जागा मांडवाच्या खुर्च्या ठेवायला हवी होती.

"वयनीनू, चार पोरांसाठी मंडप कित्याक अडवतास? वाडीची पूजा झाली की वर्ग बंद," असं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. माझं टाळकंच सटकलं. "तुझ्या खुर्च्यो तुझ्या माडयेर ठेव!" मी म्हटलं. तर म्हणे, बायकांनी मधी पडू नये. मेल्याची जीभ बघा!

पूजेच्या दिवशी आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, आणि एकदा म्हटलं की तो देवापुढे दिलेला शब्द. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या आबांचा घसा त्या दिवशी बसलेला. पुरुषांची कुजबुज चालली होती, तेवढ्यात वयनी सरळ पुढे गेली आणि हात जोडून उभी राहिली. बाई गाऱ्हाणं घालते? आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले.

"आज एक आकडो तुझ्या पायार ठेवतंय. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. एक आणि तो सोता सोडलो तर हेका कोणाचोच भाग जाणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"हेचो शेवटचो अंक छाटलो, तरी उरता तेकाय कोणाचो भाग जाणा नाय. परत छाटा, परत तसाच. छाटून छाटून नुसतो सात उरलो, तरी तोय मूळ संख्याच! हेच्यापेक्षा मोठो असो दुसरो आकडो नाय!"

"व्हय म्हाराजा!" बाबूचा आवाज सगळ्यांच्या वर. अध्यक्ष ना तो! आकडा कुणाला कळत होता? आम्ही आपले तालात होतो.

"तसोच माझो वर्ग! पोरां आणखी कमी होतीत. पण एक जरी पोर इला, तरी वर्ग ह्याच मंडपात बसतलो, आणि तेका कोणी उठवचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं आणि सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. बाबू लालबुंद.

"वयनीनू, ह्या सवयीन तोंडातसून गेला!"

वयनीने गाभाऱ्याच्या दारातून बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. "माका कित्याक सांगतंस? तेका सांग."

बाबू दोन पावलं पुढे गेला. देवाला हात जोडले. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "परसाद वाटूक घेवा."