बाबांना पाजलेलं मीठ

बाबांच्या रिपोर्टमध्ये सोडियम कमी आलं तो दिवस आठवला की आजही माझं डोकं फिरतं. त्यांच्या किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्या होत्या. पाणी मोजून, मीठ बेतानं, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं. तरी आठवडाभर बाबा गुंगीत असल्यासारखे वागत होते, म्हणून भिवंडीतच रक्त तपासलं.

रिपोर्ट मी वाचला. घरात शिकलेली मीच. पण ऐकायचं कुणाचं, तर थोरल्या काकांचं. राहनाळची जमीन गोदामांना दिल्यापासून काकांना जगातलं सगळंच कळू लागलं होतं.

"सोडियम म्हंजे मीठच ना?" काका हसले. "आमचा बापूस जलमभर मिठागरान राबला, नि त्याच्याच पोराच्या अंगान मीठ कमी? पाजा त्याला मीठ-पानी. जेवनाला खारी सुकट द्या."

"ठाण्याला एक फोन करू या का?"

"मिठातलीच मानसं आपन. डॉक्टर आपल्याला मीठ शिकवनार?"

मी फोन बाजूला ठेवला. तो न केलेला फोन मला अजून पचलेला नाही.

दोन दिवस मीठ-पाणी चाललं. बाबांची तहान भडकली, मोजलेलं पाणी राहिलं बाजूला, नि ते तांब्यावर तांबे रिचवू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आडवं होता येईना, श्वासच पुरेना. ठाण्याला नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले, आणि बरोबरच ओरडले. अंगात मीठ कमी नव्हतंच. किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, त्या जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. मीठ वाढवायचं नव्हतं, पाणी आणखी तोडायचं होतं, तेही दमानं. आता छातीत पाणी भरलेलं, डायलिसिस टळणार नव्हतं. आणि त्यात सोडियम भराभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा. डॉक्टरांनी होईल तेवढं हळू केलं, तरी सोडियम लवकर चढलंच. श्वास सुधारला. चार दिवसांनी बाबांची जीभ जड झाली, मग वाचाच गेली.

घरी आणल्यावर माणसं भेटायला येत. काका खुर्ची ओढून सांगत, "किडनीनं खाल्ली त्याची वाचा."

एकदा माझ्यानं राहवलं नाही. "किडनीनं न्हाय, काका. तुम्ही सांगितलं नि मी पाजलं."

काका ताडकन उठून गेले. बाबा माझ्याकडे बघत होते. पहिल्याच पेल्याला त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. मीच म्हटलं होतं, "बाबा, औषध हाय, प्या." मग त्यांनी तो पेला एका दमात संपवला होता.