चीफचं पीठ, आबांची मूठ

मी ज्या हॉटेलात भाजी चिरतो, त्याच्या जेवणाच्या दालनात एका चीफचं चित्र आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, डोंगरात हे हॉटेल आहे. चीफ म्हणजे तिथल्या भाऊबंदांचा मुख्य. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस. अंगात लाल कोट, कमरेला तलवार, आणि चेहरा असा की आत्ता मत मागायला दारात येईल.

दर आठवड्याला पर्यटकांची बस येते. गाईडबाई चित्रासमोर उभी राहून त्याची गोष्ट सांगते आणि मी मागे चहाची भांडी मांडत असतो. मला इंग्रजी फारसं येत नाही, आठवीतच शाळा सुटली. पण तीच गोष्ट तीच बाई तशीच सांगत राहिली तर भांडी मांडणाऱ्यालाही पाठ होते. तरणा असताना हा राजाविरुद्ध आपली माणसं घेऊन लढला. हरला. बापाचं मुंडकं उडवलं गेलं, जमीन गेली, हा कैदेत पडला. मग माफी मिळाली. मग यानेच त्याच राजासाठी आपल्याच गावांतून पलटण उभी केली आणि समुद्रापार लढायला नेली. मग पार्लमेंटात बसला. शेवटी जमीन परत मिळवली. अंगातला लाल कोट त्या राजाचाच.

गोष्टीत एक जागा अशी येते की बसमधले लोक हसतात. या चीफच्या घराण्यात माणसं वाढवायची एक रीत होती म्हणे. कुणीही परका यावा, घराण्याचं आडनाव लावावं, आणि ओटच्या पिठाचं पोतं घेऊन जावं. त्या दिवसापासून तो भाऊबंद. खरे भाऊबंद त्यांना पीठवाले म्हणून चिडवायचे, पण लढाईत सगळे एकाच रांगेत.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो नाही. मला आमचे आबा आठवले.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नरडाण्याच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथे आमच्या भाऊबंदकीत ते सगळ्यात मोठे. फौजेत होते, सुभेदार होऊन आले, मग पंचायत समितीत निवडून गेले आणि सभापती झाले. वडील गेल्यावर मला सुरतेला कारखान्याच्या खानावळीत आबांनीच लावून दिलं. पुढे दुबईला जायची वेळ आली तेव्हा पासपोर्टसाठी पोलीस घरी आला, तर आबांनी ओट्यावरूनच त्याला सांगितलं, "पोरगं आपलं शे." तेवढ्यावर काम झालं. दुबईहून मी इकडे आलो. म्हणजे मी आज जिथे उभा आहे तिथवरची प्रत्येक पायरी आबांच्या तोंडच्या शब्दाने बांधलेली आहे. हे मी विसरलेलो नाही. हे लिहितानाही विसरत नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला देवी मानून, नथ घालून, चौरंगावर बसवतात. दुसऱ्या दिवशी नदीवर नेतात. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या मोठ्या पोळ्यांसाठी, आदल्या दिवशी गहू मापतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. कालच जन्मलेला असला तरी त्याची मूठ, आणि साता समुद्रापार असला तरी त्याची मूठ. सगळे गहू एका ढिगात पडतात, दळले जातात, आणि त्याचे रोट सगळ्या घरांनी एका पंगतीत खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही. दिलेल्या लेकीलाही नाही. आमच्याकडे मापायचं काम आबांचं.

मी दुबईला होतो तेव्हाही आई फोनवर सांगायची, "आज आबांनी तुझी मूठ टाकली." तो फोन ठेवल्यावर मला झोप चांगली लागायची. मी तसा घाबरट माणूस आहे. साहेबाने नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी कामावरून काढतात की काय असं वाटतं. पण कुठल्यातरी ढिगात आपले गहू आहेत म्हटल्यावर माणसाला जमिनीला पाय टेकल्यासारखं वाटतं.

माझी मोठी बहीण अक्का सावद्याकडे दिलेली. केळीवाल्यांचं घर, घड लागले की दारात ट्रक उभे. तिथली बोली वेगळी. अक्का 'आहे'ला 'शे' म्हणाली की जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. ते तिने सोसलं. मूल झालं नाही म्हणून बोलणी खाल्ली, तीही सोसली. मग नवऱ्याने दुसरी आणली. त्या दिवशी अक्काने कपडे बांधले, एस.टी.ने जळगाव, तिथून रेल्वेने नरडाणा, आणि संध्याकाळी घरी. आईला म्हणाली, "मी पाहुनी नही उनू." पाहुणी म्हणून आले नाही, एवढंच. त्यानंतर आईचं दुखणंखुपणं, शेत, दोन म्हशी, सगळं तिच्याच अंगावर. मी इकडे निवांत भाजी चिरतो ते तिच्या जिवावर.

पण कानबाईत तिची पंचाईत व्हायची. गहू निवडायला अक्का, दळण आणायला अक्का, पुरण वाटायला अक्का. रोट पानात पडायची वेळ आली की अक्का मागच्या पडवीत. तिच्यासाठी आई वेगळी भाकरी टाकायची. ती देवीची नाही, रोजच्या पिठाची.

मागच्या श्रावणात मी सुटीवर घरी गेलो. कितीतरी वर्षांनी कानबाईला हजर. गहू मापायच्या दिवशी आबांच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. सतरंजीवर कोरी चादर, त्यावर गव्हाचं सूप, समोर आबा मांडी घालून. अक्का भिंतीशी बसून शेवटचे खडे निवडत होती. आबांनी माझ्याकडे पाहून हाक मारली.

"ये रे साहेब. तठे बी गहू खातस का नुसतं मांसमच्छी?"

"खातात ना आबा. पण ओट जास्त."

"ओट म्हंजे काय?"

"आपल्याकडे घोड्याला घालतात तसलं."

लोक हसले, आबाही हसले. मला वाटलं, वेळ बरी आहे. म्हणालो, "आबा, यंदा अक्काच्या नावाने एक मूठ टाका."

हसणं थांबलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी सभापतीच्या खुर्चीत बसून कित्येकांना नाही म्हटलं असेल, त्यात रागवायची गरज पडत नाही.

"आंडेर दिधी म्हंजे ती सासरनी," ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. "आपला रिवाज शे. मी बनाडेल नही."

"सासरच्यांनी तिचं नाव पुसलं आबा."

"मंग तो त्यास्ना दोष. आपला नही."

मग मी त्या चीफची गोष्ट सांगितली. म्हटलं, एवढा मोठा माणूस, लढवय्या, पार्लमेंटात बसलेला, तुमच्यासारखाच. त्याच्या घराण्यात परक्यालासुद्धा पीठ देऊन भाऊबंद करायचे. आपण आपल्याच घरातलीला सव्वा मूठ देत नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग विचारलं, "मंग त्या पीठवालास्नं पुढे काय व्हयनं?"

मी चादरीची सुरकुती सरळ करू लागलो, कारण पुढचं मला पाठ होतं.

"सांग ना. काय व्हयनं?"

"पलटणीत गेले. समुद्रापार लढायला."

"परत उनात का?"

"काही आले."

"आनि तो पार्लमेंटमा बठना," आबा म्हणाले, आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "म्हंजे पीठ फुकट नव्हतं. पाहा, आपला पोरगा काय गोष्ट लई उना."

हॉल पुन्हा हसला. चुलतभावाने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसल्यासारखं केलं. आबा बरोबर बोलले होते. पीठ फुकट नसतं. मलाही ते मिळालं होतं, सुरतेचं, पासपोर्टचं, दरसालच्या मुठीचं, आणि त्याच्या बदल्यात आबा म्हणतील तिथे मी हसायचं होतं.

आबांनी मापायला सुरुवात केली. एकेक नाव घ्यायचे, मूठ सोडायचे, वर चिमूटभर. माझं नाव झालं. त्यांच्या नातवाचं झालं, तो अजून बाळंतिणीच्या खोलीतच होता. सगळी नावं संपली तेव्हा अक्का उठली. हातातलं सूप खाली ठेवलं. त्यातले निवडलेले गहू मुठीत घेतले, पुढे आली आणि ढिगावर सोडले. मग वरची चिमूट. घाई नाही, थरथर नाही. नंतर तिने दोन्ही हातांनी ढीग खालवर केला, जसं पीठ मळायच्या आधी करतात.

"आते निवडी ल्या मना गहू," ती म्हणाली.

एका काकूने "अवं पोरी" एवढं म्हटलं आणि थांबली. सगळे ढिगाकडे बघत बसले. देवीच्या नावाने मापलेले गहू टाकून देता येत नाहीत, परत मापता येत नाहीत. आणि अक्काचा दाणा कुठला, आबांच्या नातवाचा कुठला, हे सांगायला कोण येणार होतं?

आबा म्हणाले, "मंग तू कोन शे, हाई तू ठरावशी?"

"मी नही ठरावत आबा. मी कोठली, हाई तुम्ही सांगा. तठली नही म्हनतस, आठली बी नही म्हनतस. मंग रोज आठे शेण कोन उचली राह्यनं?"

आबा उठले आणि आतल्या खोलीत गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. पासपोर्टवाल्या पोलिसासमोर ओट्यावर बसून मला आपलं म्हणणारा माणूस माझ्याकडे पाहत होता.

गहू दळले गेले. कानबाई बसली, गाणी झाली, नदीवर गेली. रोटाच्या पंगतीला अक्का माझ्याशेजारी बसली. आई वाढत होती, तिचा हात अक्काच्या पानाशी आला तेव्हा क्षणभर अडला, मग अख्खा रोट पडला. दोन घरं आलीच नाहीत. आबा आले. आपल्या जागेवर, पंगतीच्या टोकाला बसले, खाली मान घालून जेवले. उठताना एवढंच म्हणाले, "पुढला साल मी मापसू तठे ती नको." अक्का गिलक्याच्या भाजीत रोट बुडवून खात होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र रोटाचे नुसते तुकडे करत होतो. मला म्हणाली, "खाय रे. उरीसन चालत नही." रोट उरलेला चालत नाही हे खरंच आहे. न आलेल्या दोन घरांच्या वाट्याचंही आम्हाला खावं लागलं. तिने ते बरंच खाल्लं.

मी परत आलो. वर्ष गेलं. या श्रावणात अक्काने आमच्या घरी वेगळी कानबाई बसवली. मला फोनवर दाखवली. नारळ थोडा वाकडा बसला होता, नथ आईची. गहू तिने स्वतः मापले, माझी मूठ, तिची, आईची. मागच्या सालची अक्काची सोडली तर बाईची मूठ आमच्याकडे कधी कोणी टाकलेली नव्हती, तिने एकदम दोन टाकल्या. मागच्या साली पंगतीला न आलेल्या दोन घरांपैकी एका घरची काकू गुपचूप येऊन बसली होती, ती फोनमध्ये दिसू नये म्हणून दाराआड सरकत होती.

मग अक्का म्हणाली, "आबास्नी बी तुनी मूठ टाकी शे म्हने. कालच."

मी हॉटेलच्या मागच्या दारात उभा होतो. खरं सांगतो, आधी बरं वाटलं. आबांनी मला सोडलं नव्हतं. एवढं होऊनही सोडलं नव्हतं. दोन ढिगांत माझे गहू होते आणि कुणाशी भांडायची गरज नव्हती. मी काहीच बोललो नसतो तर दोन्हीकडे राहिलो असतो. घाबरट माणसाला आणखी काय पाहिजे?

मी आबांना फोन लावला.

"बोल रे," आबा म्हणाले. "थंडी शे का तठे?"

"आहे आबा. आबा, तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मी मेलो तरी फिटणार नाही. सुरत, पासपोर्ट, सगळं."

"हाई सांगाले फोन करा का?"

"नाही. माझी मूठ काढा म्हणायला केला."

पलीकडे कुणीतरी ढोलकी वाजवून बघत होतं. आबांनी त्याला थांबवलं.

"गहू एक व्हयी ग्यात," ते म्हणाले. "आते कशी काढू?"

"तर पुढच्या साली टाकू नका. अक्काची नसेल तिथे माझी टाकू नका. एवढंच."

"सोचीसन बोली राह्यना का? उद्या काही अडनं, तर कोनले फोन करशी?"

माझी आई तिकडे आहे, अक्का तिकडे आहे, गावात आबांचा शब्द चालतो आणि मी भाजी चिरणारा माणूस आहे. तरी म्हटलं, "अक्काला करीन."

आबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मी आत आलो. बस आलेली होती. गाईडबाई पिठाच्या जागेवर पोहोचली, लोक हसले. माझ्या हातात कपांचा ट्रे होता, तो घेऊन मी त्या लाल कोटवाल्याच्या समोरून, एरवी भिंतीकडेने जातो तसा न जाता, लोकांच्या मधून चालत गेलो.