बागवान सरांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे

कॉलेजच्या जिमखान्यात कपांपेक्षा किस्से जास्त साठतात. कपांना कपाट लागतं. किस्स्यांना काहीच लागत नाही, दार उघडं ठेवलं की लोक आपणहून आणून टाकतात.

मी पुण्यात वारज्याकडच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे, म्हणजे सोप्या भाषेत पी.टी.च्या मॅडम. मैदान, जाळ्या, चेंडू, मुलांचे मुरगळलेले पाय आणि कोचबद्दलच्या तक्रारी, सगळं माझ्याकडे येतं. त्यातलं शेवटचं सगळ्यात जास्त. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, सांग गं तुझ्या त्या फुटबॉलवाल्या सरांचं. मी सांगायला लागते, त्या हसतात. मग मध्येच कुठंतरी हसणं थांबतं आणि कुणीतरी चहा टाकायला उठतं.

सर म्हणजे युसूफ बागवान. घर कॅम्पात, वडिलांचं फळांचं दुकान, आणि यांचा जीव फुटबॉलमध्ये. आमच्या मुलांना ते कित्येक वर्षं शिकवत होते. टीम जिंकत होती तेव्हा सरांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मग टीम हरायला लागली आणि बघता बघता सगळ्यांना फुटबॉल कळायला लागला.

*

हरायला कारणं होती. चांगली मुलं पास होऊन गेली, नवीन मुलं क्लासमधून धावतपळत यायची. शिवाय अर्ध्या मैदानावर संस्थेनं पार्किंग केलं होतं. आमच्या डाव्या विंगवर जिथं मुलानं पळायचं तिथं सचिव साहेबांची गाडी उभी असायची. त्यामुळे आमची मुलं कोपऱ्यापर्यंत पळायला कधी शिकलीच नाहीत. दुसऱ्यांच्या मैदानावर गेली तरी सवयीनं गाडीपाशी थांबायची.

तर त्या हंगामात माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं की आता कुणीतरी बोललं पाहिजे. बोलायला निखिल आला. हा एक वर्ष आमच्या टीममध्ये होता, बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावर. आता हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. लॅपटॉप लावून त्यानं प्रेझेंटेशन दिलं. अकाउंटेबिलिटी, डेटा, व्हिजन, असं बरंच काही त्यात होतं. सर पहिल्या रांगेत बसून लक्ष देऊन ऐकत होते, एखाद्या विद्यार्थ्यासारखे.

माझं ठरलेलं वाक्य मी म्हटलं, "आपण यावर नक्की विचार करू." या नोकरीत हे एक वाक्य नीट म्हणता आलं की निम्मं काम होतं.

सरांनी मात्र निखिलला खरोखर विचारलं, की एक आठवडा येशील का, मुलांना दाखवशील का हे सगळं. सकाळी सहाला.

निखिल म्हणाला, "सहाला नाही जमणार, सर. कंपनीची बस असते ना. हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये."

सर म्हणाले, "हो, तेही बरोबर आहे."

टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते बरोबर वाटलं होतं.

*

एका सकाळी जिमखान्याच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला. सुवाच्य अक्षर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. "येथे हरण्याचे प्रशिक्षण मिळेल. चौकशी : बागवान सर. वेळ : सामना संपेपर्यंत."

मी शिपायाला म्हटलं, फाडून टाका. तेवढ्यात सर आले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी तो वाचला. म्हणाले, "राहू द्या. चौकशीला कुणी आलं तर मला हाक मारा."

दुपारी खरंच एक मुलगी आली. फर्स्ट इयरची, बारीकशी, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी सॅक. दारात घुटमळून तिनं विचारलं, की मुलींनाही शिकवतात का. मला वाटलं हीसुद्धा चेष्टा करायला आलीय. मी जरा कडकच बोलले. ती गोंधळली आणि म्हणाली, कबड्डीत तिला कुणी घेतलं नाही, तिथं जिंकणाऱ्याच मुली लागतात. इथं हरलं तर चालतं असं लिहिलंय.

सरांनी तिला बूट शोधून दिले. तिच्या मापाचे नव्हते, पुढे कापूस कोंबला. आठवडाभर ती एकटी भिंतीवर चेंडू मारत होती. मग तिच्या वडिलांना कुणीतरी ग्रुपवरची सरांची चेष्टा दाखवली आणि तिचं येणं बंद झालं. बूट तिनं धुऊन परत केले.

*

सचिव साहेब फार सभ्य माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. फोन करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आमचं काही म्हणणं नाही हो. पण लोक म्हणतायत."

एकदा मी विचारलंच, की साहेब, लोक म्हणजे नक्की कोण? मला त्यांच्याशी बोलता येईल.

मग ते म्हणाले, "मीच की."

*

पुढचा सामना हरल्यावर पोरांनी कॉलेजच्या गेटवर घोषणा दिल्या आणि एका पेपरवाल्याचा फोन आला. प्राचार्यांनी तातडीची बैठक घेतली आणि ठरलं, की क्रीडा संचालकांनी निवेदन द्यायचं. ते मी नोटीस बोर्डासमोर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. "बागवान सरांना कॉलेजचा पूर्ण पाठिंबा आहे." मला मनापासून बरं वाटलं होतं. वाटलं, चला, कुणीतरी सरांच्या बाजूनं लेखी काहीतरी बोललं.

संध्याकाळी जिमखान्यात गेले तर सर कपाट आवरत होते. जुनी शिट्टी, गुडघ्याचे पट्टे, वडिलांच्या दुकानातली एक फळांची टोपली, तिच्यात ते चेंडू ठेवायचे. सगळं पिशवीत भरत होते.

मी म्हटलं, अहो सर, निवेदन ऐकलं नाहीत का? पाठिंबा जाहीर झालाय.

"ऐकलं ना. म्हणून तर. पाठिंबा जाहीर करावा लागला म्हणजे दिवस भरत आले." मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. "मॅडम, तुमचा आवाज चांगला लागला होता. मागेपर्यंत ऐकू येत होतं."

*

एका रविवारी सरांची मुलगी सना मला भेटायला घरी आली. खराडीला एका ऑफिसात नोकरी करते. लहान असताना सरांबरोबर मैदानावर यायची, गोलच्या मागे बसून अभ्यास करायची. मला वाटलं वडिलांची बाजू मांडायला आलीय. मी आधीच सांगायला लागले, की मी प्रयत्न करतेय, प्राचार्यांशी बोललेय.

ती म्हणाली, "मॅडम, अब्बांना काढून टाका ना."

मी तिला पाणी आणून दिलं.

मग तिनं सांगितलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ लावला. आमच्याच पोरांपैकी कुणीतरी काढलेला. आपल्याच गोलात गोल झाला, आणि सर रेघेजवळ दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे आहेत, तेवढंच पुन्हा पुन्हा, मागे कसलंतरी गाणं. टेबलावरचे सगळे हसून लोळायचे बाकी होते. ते तिचे वडील आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

"मीपण हसले," सना म्हणाली. "वर म्हणाले, मलापण पाठव. नाहीतर कुणालातरी शंका आली असती."

ती काही रडली वगैरे नाही. पाणी प्यायली, ग्लास विसळून ठेवला आणि गेली. सरांना काढा म्हणणारे मला शेकड्यानं भेटले असतील. सरांसाठी म्हणून काढा म्हणणारी ही एकटीच.

*

शेवटी निर्णय झाला. प्राचार्य म्हणाले, तुमचं आणि त्यांचं चांगलं आहे, तेव्हा तुम्हीच सांगा. चांगलं असण्याचा हा एक उपयोग. मी भांडून पाहिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि पुन्हा तेच म्हणाले.

मी मैदानावर गेले तेव्हा सर चुन्याच्या रेघा मारत होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. म्हणाले, "एवढी रेघ होऊ द्या."

ती झाली. मग त्यांनी दुसरी घेतली, मग गोलसमोरचा चौकोन, मग मधलं वर्तुळ. मी उन्हात उभी. पार्किंगच्या बाजूची रेघ गाड्यांमुळे सरळ जायची नाही. एरवी ते ती सोडून द्यायचे. त्या दिवशी गाड्यांना वळसा घालत घालत त्यांनी तीही पुरी केली. मग हात झटकून माझ्यासमोर आले.

"हं, बोला."

मी बोलले. शक्य तितक्या मऊ शब्दांत. त्यांनी मान हलवली. पेपरवाल्याला काय सांगणार ते विचारलं. मी म्हटलं, वैयक्तिक कारणामुळे सर काम सोडतायत असं सांगू.

"चालेल," ते म्हणाले. "फक्त कारण काय ते मलाही सांगून ठेवा. घरी विचारतील."

*

त्यांच्या जागी प्रथमेश आला. पंचविशीतला मुलगा, हुशार, मनमिळाऊ, कोचिंगची परीक्षा पास झालेला. पहिला सामना आम्ही जिंकलो. ग्रुपवर फुलं, फटाके, सगळं झालं. मग हरलो. मग पुन्हा हरलो. निखिलनं ग्रुपवर लिहिलं, की बागवान सरांच्या वेळी निदान टीममध्ये जिद्द तरी होती. सचिव साहेबांचा फोन आला, लोक म्हणतायत.

त्यानंतरच्या सामन्याला, आमच्याच मैदानावर, बागवान सर आले. गेल्यापासून पहिल्यांदाच. पायऱ्यांवर मागे कोपऱ्यात बसले होते, पण सचिव साहेबांनी त्यांना बघितलं आणि मोठ्या मानानं आपल्या शेजारी बोलावून घेतलं. पाण्याची बाटली दिली. मी त्यांच्या मागेच बसले होते.

आमच्यावर गोल झाला आणि पोरांनी सुरू केलं. "प्रथमेश, घरी जा." आधी चारपाच जण, मग सगळी बाजू, टाळ्यांच्या ठेक्यावर. प्रथमेश रेघेजवळ उभा होता, मागे वळून बघत नव्हता. त्याचे कान लाल झालेले मला इतक्या लांबून दिसत होते. मग कुणीतरी रिकामी बाटली फेकली. ती त्याच्या खांद्याला लागून खाली पडली.

बागवान सर उठले. सचिव साहेबांना वाटलं निघाले. ते म्हणाले, "बसा ना सर. बघा तरी, तुमच्यानंतर काय अवस्था झालीय."

सर पायऱ्या उतरले. गुडघ्याचा त्रास, एकेका पायरीवर थांबत उतरले. कडेची एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, मैदानाला वळसा घालून गेले आणि प्रथमेशच्या मागे, त्याच्या आणि पोरांच्या मध्ये, ती ठेवून बसले. आमच्याकडे पाठ करून.

घोषणा एकदम थांबल्या. मग कुणीतरी दोघांचीही नावं घेऊन सुरुवात केली आणि पुन्हा सगळे ओरडायला लागले, आधीपेक्षा जोरात.

सरांनी प्रथमेशला जवळ बोलावलं. तो वाकला. सर त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. प्रथमेशनं त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. मग तो बोलत होता आणि सर ऐकत होते. सामना संपेपर्यंत दोघं तसेच बसून होते. आणखी एक गोल झाला तेव्हा त्यांचं लक्षही नव्हतं. आम्ही हरलो.

गर्दी पांगल्यावर मी प्रथमेशला गाठलं. विचारलं, सर काय म्हणाले? काही टॅक्टिक्स सांगितली का?

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं."