शिमोनाच्या चित्रापाशी

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, म्हणजे प्रायश्चित्तकाळात, दर शुक्रवारी संध्याकाळी आमचं गाव चर्चमध्ये क्रुसाची वाट करायला जमतं. भिंतीवरच्या ख्रिस्ताच्या दुःखाच्या एकेका चित्रापाशी सगळ्यांनी गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची आणि उठून पुढे सरकायचं. माझे बाबा आणि मोठे काकाही त्यात असतात. विहिरीच्या वाटेवरून भांडण झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. प्रार्थनेत मात्र त्यांचे आवाज असे मिसळतात, की कोणता कुणाचा ते मलाही कळत नाही.

परवा, शिमोन नावाचा वाटसरू ख्रिस्ताला क्रूस वाहायला मदत करतो त्या चित्रापाशी, काकांना उठताच येईना. बाबा शेजारीच होते. त्यांचा हात काकांच्या कोपरापर्यंत गेला आणि थांबला. मग तो खिशात शिरला आणि रुमाल घेऊन बाहेर आला. काका बाक धरून कसेबसे उठले. प्रार्थना पुढे चालूच राहिली.

मला ओरडावंसं वाटलं. आम्ही मटण सोडलंय, मासळी सोडलीय, बाबांनी तर चहासुद्धा सोडलाय. जे सोडायला सोपं, तेवढंच आम्ही सगळे मिळून सोडतो.

त्या रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "दादाचा गुडघा फारच दुखतोय गं. कुणीतरी तेल चोळून द्यायला हवं."

"कुणीतरी कशाला? घर पलीकडेच आहे, तुम्ही जा ना," मी म्हटलं.

बाबांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"उपासाचे दिवस आहेत," ते म्हणाले. "उगाच वाद नको."