रिकामी सोडलेली दोरी

जोतीरामकाकांच्या कोरेगावातल्या खोलीत भिंतीवर एकच ओळ रंगवलेली आहे: ‘बाण नसताना दोरी सोडू नये.’ ओढलेल्या धनुष्याचा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तोच जोर धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर उलटतो आणि त्या फुटतात. हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. माझे तर कान किटले होते. मी त्यांचा पुतण्या जयराज. मोटारसायकलवरून त्यांना हिंडवायचं काम माझं.

काका फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर नवं धनुष्य विकत घेणं झेपत नाही अशा पोरापोरींची जुनी धनुष्यं त्यांच्याकडे यायला लागली. कंपन्या बंद पडलेल्या, सुटे भाग मिळायचे नाहीत. काका स्क्रू लेथवर करून आणायचे, दोऱ्या घरीच वळायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण हवा तो भाग मिळाला की दिवसभर गुणगुणायचा.

एका वर्षी म्हसवडची सृष्टी तिच्या मामाचं पंचवीस वर्षांपूर्वीचं लाकडी धनुष्य घेऊन आली. खालच्या पातीला चीर गेली होती. दसऱ्यानंतर चार दिवसांनी तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि वयात बसण्याचं हे शेवटचं वर्ष. एकच पाती बदलून भागत नाही, दोन्हींची ओढ सारखी लागते. म्हणून त्याच मापाची जोडी हवी होती. दोन महिने आम्ही सातारा-सांगली पालथी घातली. शेवटी सांगलीजवळच्या एका गावात तवनाप्पांच्या माळ्यावर ती सापडली. त्यांच्या मुलाची, आर्जवची होती. तो चार वर्षांपूर्वी अपघातात गेला होता.

तवनाप्पांनी जोडी उपरण्याने पुसली आणि काकांच्या हातात दिली. “पोरीला सांगा, रिकामी सोडायची न्हाई. आमचा आर्जव लय जपायचा.”

“माझ्या भिंतीवर तेच लिवलंय,” काका म्हणाले.

परतताना काकांनी मला दोनदा माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. श्रावणात तर काका बाजारातून घरी येताना वाट चुकले होते. मी सगळं हसण्यावारी नेलं. त्याचा मला अजून स्वतःचाच राग येतो.

खंडेनवमीला पूजेसाठी कानस, पाने, पकडी मांडल्या. मधोमध सृष्टीचं धनुष्य, दोरी चढवून. तो काकांचाच हट्ट. सृष्टी ते न्यायला आली होती. हळदकुंकू वाहून झाल्यावर काका उठले, ताठ उभे राहिले, धनुष्य उचलून छताकडे रोखलं, पुरतं ओढलं आणि सोडलं. फौजेत बंदूक साफ करून जोडली की नळी वर करून रिकामा चाप ओढून बघतात. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. हाताला तेवढंच आठवलं.

वरची पाती मधोमध तुटली, खालची उभी चिरली.

“हथियार ठीक है, साब,” असं म्हणून काका प्रसाद घ्यायला ओसरीवर गेले.

सृष्टी रडली नाही. खाली बसून तुकडे वेचू लागली. थोड्या वेळाने काका आत आले. तुकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. आता ते पुन्हा आमचे काका होते.

“कुणी सोडली रं रिकामी?”

सृष्टीने माझ्याकडे बघितलं.

“मी सोडली, काका,” मी म्हणालो.

काकांनी दाराकडे बोट केलं. “चालता हो. पुन्यांदा हितं पाऊल टाकू नगंस.”

सृष्टी उसन्या धनुष्यावर चाचणीला गेली. तिची निवड झाली नाही. तुटकी जोडी मीच तवनाप्पांना नेऊन दिली. त्यांनी ती दारातच घेतली, पण मला आत या म्हणाले नाहीत.

काका आता मला ओळखत नाहीत. माझं नाव, काकींचं नाव, पलटणीचं नाव, सगळं गेलं. पण मी खोलीच्या उंबऱ्याशी गेलो की मान वर करून म्हणतात, “तू आत यायचं न्हाई. तू रिकामी सोडलीस.”

मग मी जेवणाचं ताट बाहेरूनच आत सरकवतो.