चार बोटं उंच कट्टा

माजी भावजय अनसूया कैक वर्षं उभ्यानं जेवत हुती, आन भरल्या घरात त्ये कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. सांगताना आजबी माजं डोस्कं फिरतंय.

मी बनाबाई. सासर शिराळ्याचं, माहेर कडेगावजवळ. नागपंचमीला साऱ्या गावच्या लेकी माहेरी झिम्मा खेळत्यात, आन आमी शिराळ्याच्या सुना नागाच्या जत्रेला घरी आलेल्या पाव्हण्यांसाठी पुरणाची दिंडं उकडत बसतो. तवा मी माहेरी जाती ती पंचमी उरकल्यावरच. तिथं माजं आबा हायत, ऐंशीच्या म्होरं गेलेलं. धाकटा भाऊ लालासाहेब हाय, फौजेतनं सुभेदार होऊन घरी आलेला. आन त्येची बायको अनसूया. लाला तिकडं बर्फात असताना हितला ऊस तिनंच बघितला, पोरं तिनंच वाढवली, आन माजी आई अंथरुणाला खिळली तवा तिचंबी सगळं तिनंच केलं. तोंडातनं कवा चकार शब्द न्हाई. मी तिच्या जागी असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

गेल्या श्रावणात गेले तर सोप्यात आबा, लाला आन मी मांडी घालून जेवलो. अनसूयानं वाढलं. हात धुवून आत गेले, बघती तर ही ओट्यापाशी उभी. ताट गॅसच्या शेजारी, एका पायावर भार टाकलेला, आन बस सुटायची असल्यावाणी गपागपा गिळतीय.

"अगं, बस की खाली."

"बसाय येत न्हाई वन्सं. गुडघं गेलं. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलंय, मांडी घालायची न्हाई म्हणून."

"मग खुर्ची घे."

ती हसली. "मामंजी तिथं खाली, आन मी हितं खुर्चीवर? बाई गं!"

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"झाली की वर्षं. आता सवय झाली."

मी तशीच बाहेर आले. "लाल्या! मेल्या, डोंगराआडचा दुश्मन दिसायचा तुला, आन घरातली बायको उभ्यानं जेवती ती दिसत न्हाई?"

"मला वाटलं, कामाच्या गडबडीत तिला तसंच बरं पडत आसंल," त्यो म्हणला. मग त्येचं त्येलाच काय वाटलं कुणास ठाऊक. तोंड पार उतरलं. मलाच वाईट वाटलं. तसा वाईट न्हाई माजा भाऊ, निस्ता आंधळा हाय, पुरुष असत्यात तसा.

दुसऱ्या दिवशी बघती तर सैपाकघराशेजारच्या खोलीतनं खताची पोती बाहेर. लाला म्हणला, "आक्का, हितं जेवायची खोली करायची. टेबल, खुर्च्या, खाली नवी फरशी. अनसूया बसून जेवंल."

"गवंडी बोलावलास?"

"कशाला? मीच करणार. मोबाईलवर सगळं दाखवत्यात."

म्हटलं, झालं कल्याण! त्येनं कराडला जाऊन लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या, मागचा कागद सोलून चिकटवायच्या. जुना कोबा उखडला हुता, तिथं सिमेंट भरलं आन वाळायच्या आधीच पट्ट्या लावल्या. सकाळी उठून बघतोय तर पापडावाणी फुगलेल्या! सगळ्या काढल्या, चार दिस दम धरला, आन मग दोरी लावून एकेक अशी सरळ बसवली, जसं काय परेड चाललीय. भिंतीला रंग दिला त्यो फौजेतला हिरवा. मी म्हटलं, "जेवायची खोली हाय का बराक?" मग अनसूयाला विचारलं. ती आधी म्हणली, "तुमच्या मनाला येईल त्यो द्या." लय खोदून विचारलं तवा म्हणली, "ओल्या हळदीचा दिला तर?" तसा दिला. खोलीत ऊन आल्यासारखं झालं. गोठ्याच्या जुन्या सागवानी दाराचं टेबल केलं. दुरडी उलटी करून आत दिवा टांगला. मी आईच्या इरकली लुगड्याचा पडदा शिवला, काठ खाली सोडला. अनसूया येता-जाता त्या काठावरनं हात फिरवायची. मला वाटलं, जितलं गड्या!

पहिल्या दिवशी भाकरी मी थापल्या. आबांना धरून आणून खुर्चीवर बसवलं. त्यांचं पाय लोंबकळाय लागलं. अनसूयानं सगळ्यांना वाढलं आन दाराशी जाऊन उभी राहिली.

"बस की," लाला म्हणला.

"तुमी जेवा की आधी."

"अगं, तुज्यासाठीच केलंय ह्ये!"

"व्हय, पर मामंजींच्या म्होरं खुर्चीवर... न्हाई बाई. जीव गेला तरी न्हाई."

मी आबांकडं बघितलं. "आबा, तिला बस म्हणा."

"म्या कवा नगं म्हटलंय? बस पोरी." म्हातारा मनापासनं म्हणला. पर तिचा पाय हलंना. तेवढ्यात आबाच ताट घेऊन खाली उतरलं. "मला ह्या खुर्चीवर गिळत न्हाई बाबा," म्हणत नव्या फरशीवर मांडी ठोकली. झालं की! सासरा जमिनीवर, आता सून खुर्चीवर कशाची बसती? तिनं आपलं ताट उचललं आन गेली ओट्याकडं.

लाला नुसता टेबलाकडं बघत बसला. त्येच्या हातातला घास तसाच. मला तर रडायलाच आलं. भांडावं तरी कुणाशी? आबांनी तिला दाबलं न्हवतं, नवऱ्यानं न्हवतं. वडीलधाऱ्यांपेक्षा उंच बसायचं न्हाई, ही तिची तिनं पाळलेली रीत, आन त्यातच तिचा मान. ती मोडून तिला बसवलं असतं तर घास तिच्या घशाखाली उतरला असता का? पर म्हणून बाईनं जल्मभर उभ्यानंच जेवायचं का, सांगा.

दोन दिस लाला त्या खोलीत पाऊल टाकंना. तिसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघं अंगणात चहा पीत हुतो. दारापुढच्या दगडी कट्ट्यावर आबा मांडी घालून बसलेलं. खाली अनसूया प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मेथी निवडत. दोघांच्या गप्पा अशा रंगलेल्या, पाटणच्या कुठल्याशा पाव्हण्याच्या म्हशीवरनं ती खळखळून हसत हुती. सासऱ्याच्या म्होरं. बसून.

लाला बघतच राहिला. मग कप खाली ठेवून म्हणला, "आक्का, ती बसलीय."

"व्हय. दिसतंय की मला."

"अगं, आबा वर हायत म्हणून बसलीय!"

आन उठला त्यो सरळ खोलीत. एवढ्या मायेनं लावलेल्या पट्ट्या, भिंतीकडच्या सगळ्या टराटरा सोलून काढल्या. मी वरडले, "लाल्या, याड लागलं का तुला?" त्यो कशाला ऐकतोय! इटा आणल्या, सिमेंट कालवलं, आन भिंतीला लागून कट्टा बांधाय घेतला. अनसूयाची खुर्ची आणून शेजारी ठेवायचा, हातानं मापायचा, आन परत एक थर चढवायचा. खुर्चीपेक्षा चार बोटं उंच झाला तवा थांबला. ह्या खेपेला सिमेंट वाळायच्या आधी पट्टीला हात लावला न्हाई, शिकला एवढं. कट्ट्यावर त्याच पट्ट्या बसवल्या, टेबल कट्ट्याला भिडवलं, आन वर आबांची घोंगडी अंथरली.

त्या दिवशी परत मीच भाकरी केल्या. आबा कट्ट्यावर चढलं, मांडी घातली, भिंतीला पाठ टेकली, ताट बरोबर हातापुढं. "आत्ता कसं!" म्हणलं. समोर खाली खुर्ची, रिकामी. अनसूया आपलं ताट घेऊन दारात आली. आबांकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, परत आबांकडं.  माजी भाकरी तव्यावर करपली तरी मी हलले न्हाई.

तिनं पदर सारखा केला आन बसली.

बसल्या बसल्याच परत उठाय लागली. "मीठ राहिलं."

"बस," आबा म्हणलं. "मीठ बनी आणंल."

आणलं मी. जन्मात कुणाचं एवढ्या आनंदानं ऐकलं नसंल. तिला ऊन ऊन भाकरी वाढली. ती सावकाश जेवत हुती. लाला ताटात बघत हुता, पर त्येचं डोळं भरलेलं मला दिसलं. माजं तर केवाच वाहाय लागलं हुतं, धुराचं नाव सांगाय गॅसला धूरबी न्हवता.

आबा मधीच थांबलं. तिच्याकडं बघत राहिलं. मग म्हणलं, "अनसूया, तू एकाच बाजूनं चावतीस गं?"

तिनं घास थांबवला. "दाढा न्हाईत मामंजी तिकडच्या. काढल्या."

"कवा?"

"धाकटा पोटात हुता तवा."

तिचा धाकटा आता मिशा राखून पुण्यात नोकरी करतोय.  आबांनी एका घरात एवढी वर्षं काढली, तिच्या हातचं खाल्लं, पर तिला जेवताना त्यांनी कवा बघितलंच न्हवतं. त्यांनाबी दात न्हाईत, म्हणून रोज भाकरी दुधात कुस्करून खात्यात. त्यांनी म्होरची दुधाची वाटी दोन्ही हातांनी उचलली आन कट्ट्यावरनं वाकून तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"ह्यात कुस्कर," म्हणलं. "मऊ हुईल."

अनसूया वाटीकडं बघत राहिली. मग तिनं भाकरीचा चतकोर मोडला आन दुधात कुस्करला.