हलीमाभाभीचा शुक्रवारचा वर्ग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — तो म्हणेल, एवढंसं ते काय घेऊन बसलीस! आणि एवढंसंच आहे का? मला खरंच कळत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला, झिंजमध्ये राहत होतो. आमचं मराठी मंडळ उभं राहिलं ते माझ्या हॉलमधल्या मुलांच्या वर्गापासून. तुम्ही म्हणाल, वा! पण वर्ग माझा नव्हता. म्हणजे — हॉल माझा, सतरंजी माझी. मुलं यायची ती हलीमाभाभीसाठी. आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, दापोलीकडची. दर शुक्रवारी मांडी घालून बसायची आणि कुर्ल्यांच्या म्हणजे खेकड्यांच्या, भुतांच्या गोष्टी तिच्या कोकणी बोलीत रंगवून सांगायची. घरी इंग्रजी फाडणारी पोरं तिला मराठीत प्रश्न विचारायची.

माझी मुलगीसुद्धा. मी तिच्याशी जन्मापासून मराठी बोलत आले, उत्तर कायम इंग्रजीत. आणि एका शुक्रवारी ती भाभीच्या मांडीवर बसून म्हणाली, "खाला, मंग त्या कुर्लीचा काय झाला?" तिच्या तोंडचं पहिलं अख्खं मराठी वाक्य! मी दारात सरबताचा ट्रे घेऊन उभी. आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या पोटात दुखलं. चांगलंच दुखलं.

पुढे मंडळाची रीतसर कमिटी झाली. वर्गाचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, हलीमाभाभी आता सवड नाही म्हणते. सगळे हळहळले. तिला कुणाचाच विरोध नव्हता, हे लक्षात घ्या. आणि खाली जाऊन तिला सांगितलं — आईबापांचं म्हणणं पडलं, मुलांच्या कानावर शुद्ध मराठी पडायला हवी. असं कुणीही म्हणालं नव्हतं. दोन्हीकडे मीच.

का केलं? मुलीसाठी? भाषेसाठी? की ती आमच्यातली नव्हती म्हणून — हेही मनात होतं का? कधी वाटतं, होतं. कधी वाटतं, छे, नुसता मत्सर. इतकी वर्षं चाचपडतेय. आणि कारण सापडलं तरी त्याचं मी काय करणार आहे?

भांडली असती तर बरं झालं असतं. "खरं हाय तुमचं, ताई," एवढंच म्हणाली आणि चहा टाकला. मी तो प्यालेसुद्धा.

पुढच्याच शुक्रवारपासून वर्ग मी घ्यायला लागले. पहिल्याच दिवशी बेल वाजली. दारात हलीमाभाभी, हाताला धरून तिची धाकटी रुबीना, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. म्हणाली, "हिला तुमच्यासारखं बोलायला शिकवा, ताई. माझ्यासारखं नको."

मी तिला सतरंजीवर पुढे बसवलं. मन लावून शिकवलं. वर्षभरात रुबीना घरी आईचं बोलणं सुधारायला लागली — हे भाभीनंच मला सांगितलं, जिन्यात थांबवून, मोठ्या कौतुकानं.